ईस्टर आणि पुनरुत्थान: "ते उठतील" या वाक्याचा ख्रिस्ती माणसासाठी नेमका अर्थ काय?

रामबागकर, इंदूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जे सभासद स्वतः ख्रिस्ती आहेत किंवा ज्यांनी या धर्माचा मनापासून अभ्यास केला आहे, त्यांच्याकडून मला उत्तर हवे आहे, कारण इकडेतिकडे वाचून माझे समाधान झालेले नाही.

आमच्या शेजारी एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहते. मूळचे नगर जिल्ह्यातले, आजोबांच्या काळात नोकरीनिमित्त इंदुरात आले आणि इथलेच झाले. घरातल्या काकांचे या थंडीत निधन झाले. 5 एप्रिलला, ईस्टरच्या पहाटे, काकूंना कब्रस्तानात जायचे होते. सोबत हवी म्हणून मीही गेले. आदल्या दिवशी त्यांच्या मुलाने कबरीभोवतीचे गवत काढून कडेला चुना मारला होता. काकूंनी झेंडूची फुले वाहिली आणि वाऱ्याने विझू नये म्हणून मेणबत्ती प्लॅस्टिकच्या कापलेल्या बाटलीत उभी केली. आजूबाजूच्या कबरींपाशीही माणसे होती. अंधारातच गीते म्हटली गेली, पाळकांनी शुभवर्तमानातला रिकाम्या कबरीचा भाग वाचला, आणि तोवर उजाडले. परत येताना काकू मला म्हणाल्या, "ते उठतील." हे त्यांनी स्वतःची समजूत घालण्याच्या सुरात म्हटले नाही, ठरलेली गोष्ट सांगावी तसे म्हटले, आणि लगेच पदराने डोळेही पुसले.

मी ज्या घरात वाढले तिथे मृत्यूनंतर शरीराला फारसे महत्त्व उरत नाही. दहन होते, अस्थी ओंकारेश्वरला नर्मदेत जातात, आणि आत्मा अमर आहे या विचाराने आम्ही दुःख सोसतो. त्यामुळे काकूंचे वाक्य मला नीट कळले नाही. येशूचे पुनरुत्थान म्हणजे त्याचा आत्मा मृत्यूनंतरही राहिला, एवढेच ख्रिस्ती लोकांना म्हणायचे असते का? की तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनासारखी ती श्रद्धा आहे? की शिष्यांच्या मनात त्याची आठवण आणि शिकवण जिवंत राहिली, असा त्याचा अर्थ लावायचा? शिवाय, दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेमात एक माणूस उठला असे मानले तरी त्यामुळे इंदूरच्या कब्रस्तानातले आमचे काका कसे उठणार? आणि आम्हा इतरांना ख्रिस्ती सण म्हटला की नाताळच आठवतो, पण काकू म्हणतात की ईस्टर त्याहून मोठा, तो कसा?

काकूंना हे सगळे विचारण्याची ही वेळ नाही, म्हणून इथे विचारते आहे.

स्नेहलतागंजकर

रामबागकर ताई, मी स्वतः मराठी ख्रिस्ती, प्रोटेस्टंट परंपरेतला. तुमच्या शेजाऱ्यांसारखेच आमचे घराणेही नगरकडचे. प्रश्न फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी शुभवर्तमाने, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांचे येशूच्या चरित्राचे चार ग्रंथ, काय सांगतात ते पाहू. रोमी सुभेदार पंत पिलात याच्या हुकमाने येशूला वधस्तंभावर खिळले गेले आणि शुक्रवारी दुपारी तो मरण पावला. अरिमथाईकर योसेफाने त्याचे शरीर मागून घेऊन कबरीत ठेवले, पण सूर्यास्ताबरोबर शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस, सुरू होत असल्यामुळे अंत्यविधी घाईतच उरकावा लागला. म्हणून रविवारी पहाटे काही स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरीकडे निघाल्या. त्या चमत्कार पाहायला निघाल्या नव्हत्या, एका मृत शरीराची राहिलेली सेवा पुरी करायला निघाल्या होत्या, आणि तोंडावरची धोंड कोण बाजूला करील याचीच त्यांना चिंता होती. कबर रिकामी दिसल्यावरही कोणी आनंदाने नाचले नाही. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालीया मरीया रडत राहते, कारण कोणीतरी शरीर उचलून नेले असेच तिला वाटते. समोर उभा असलेला येशू तिला माळी वाटतो, आणि तो तिला नावाने हाक मारतो तेव्हाच ती त्याला ओळखते.

आता हे उठणे कोणत्या प्रकारचे, ते पाहू. याच शुभवर्तमानांत येशूने लाजराला, याईराच्या मुलीला आणि नाईन गावच्या विधवेच्या मुलाला मरणातून उठवल्याच्या हकिकती आहेत. ती माणसे पूर्वीच्याच आयुष्यात परतली आणि पुढे केव्हातरी पुन्हा मेली. येशूविषयी मात्र पौल हा आरंभीचा प्रेषित रोमकरांस लिहितो की तो आता पुन्हा मरणार नाही, मृत्यूची त्याच्यावर सत्ता उरली नाही. म्हणजे तो मृत्यूतून मागे वळला नाही, पलीकडे निघाला. तरीही तो भूत किंवा नुसता आत्मा नव्हे, हे लूक मुद्दाम सांगतो: घाबरलेल्या शिष्यांसमोर तो खायला मागतो आणि भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. थोमा या शिष्याला तो आपल्या हातांचे व्रण पाहायला आणि कुशीत हात घालायला सांगतो. दुसरीकडे तो बंद दारांआड येऊन उभा राहतो, आणि अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य बराच वेळ त्याच्याबरोबर चालूनही त्याला ओळखत नाहीत. संध्याकाळी जेवताना तो भाकर मोडतो तेव्हा त्यांचे डोळे उघडतात. माणूस तोच, शरीर तेच, आणि तरी काहीतरी सर्वस्वी नवे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात यासाठी बियाण्याचा दाखला दिला आहे: जे पेरले जाते तेच उगवते, पण उगवलेले रोप बियाण्यासारखे दिसत नाही.

म्हणून आत्म्याचे अमरत्व आणि पुनरुत्थान या दोन वेगळ्या आशा आहेत. आत्मा मरतच नाही असे मानले तर मृत्यू म्हणजे कोणी कायमचे गमावणे नव्हे, असे म्हणता येते. ख्रिस्ती विश्वास तसे म्हणत नाही. माणूस खरोखर मरतो. पौल मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो. मुक्ती देणारा मित्र म्हणत नाही. लाजराच्या कबरीपाशी, त्याला आपण आता उठवणार हे ठाऊक असतानाही, येशू रडला असे योहान लिहितो. तुमच्या काकूंनी "ते उठतील" म्हटले आणि लगेच डोळेही पुसले, यात मला कुठलीही विसंगती दिसत नाही. विश्वास आणि रडणे या दोन्हींना तिथे एकत्र जागा आहे.

तुकोबांविषयी मी आदरानेच लिहितो. त्यांच्या सदेह वैकुंठगमनाच्या श्रद्धेत ते मृत्यू टाळून देवाकडे गेले. येशूच्या बाबतीत मात्र तो मेला आणि पुरला गेला यावर विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीत, मुद्दाम भर दिलेला आहे. शिवाय त्याचे स्वर्गात जाणे ही वेगळी घटना असून ती ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी स्मरली जाते. ईस्टर हा त्याच्या जाण्याचा दिवस नाही, परत येण्याचा आहे. आणि तो परत आला तो ज्यांनी त्याला संकटात सोडले होते त्यांच्याकडेच. पेत्राने अटकेच्या रात्री त्याला तीनदा नाकारले होते. पुढे गालीलच्या किनाऱ्यावर, निखाऱ्यांवर मासे भाजलेले असताना, येशू त्याला तीनदाच विचारतो की तू माझ्यावर प्रेम करतोस का. जाब विचारणे तिथे नाही. नाकारणाऱ्याला पुन्हा काम सोपवणे आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ती सांगतो. वधस्तंभ ही रोमी राज्यात गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखलेली, उघड्यावर विटंबना करणारी शिक्षा होती. ज्यू धर्मशास्त्रात तर टांगलेला माणूस देवाचा शाप भोगणारा मानला जाई. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की येशूने वेशीबाहेर दुःख सोसले. आमचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. त्यांच्या शरीराचा स्पर्श विटाळ मानला जाई, सावलीसुद्धा नकोशी असे. अशा माणसांना जर कोणी सांगितले असते की शरीर क्षुद्र आहे, आत्मा तेवढा शुद्ध आहे, तर त्यात त्यांना फारसे नवे काही मिळाले नसते, कारण अपमान त्यांच्या शरीराचाच होत होता. त्यांनी ऐकले ते वेगळे होते: सत्तेने आणि धर्माने मिळून ज्याला शापित ठरवून वेशीबाहेर मारले, त्याच शरीराला देवाने उठवले, त्या निकालावर आपला निकाल दिला, आणि उठलेल्याने सांगितले की मला हात लावून पाहा. आमच्या घरात ईस्टर मोठा आहे तो यासाठी. पुनरुत्थान झाले नसते तर वधस्तंभ म्हणजे आणखी एका सज्जनाला बळवंतांनी चिरडल्याची हकिकत एवढेच उरले असते. पौलही हेच ठणकावून सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ.

राहिला काकांचा प्रश्न. येशूच्या काळी परूशी पंथाचे ज्यू मानत की जगाच्या अंती देव मेलेल्यांना उठवील आणि न्याय करील. सदूकी हे मानत नसत. लाजराची बहीण मार्था येशूला म्हणते की माझा भाऊ शेवटच्या दिवशी उठेल हे मला ठाऊक आहे. काकूंचे वाक्य जवळजवळ तेच आहे. ख्रिस्ती विश्वासाचे म्हणणे असे की शेवटी सर्वांच्या बाबतीत जे व्हायचे आहे ते एका माणसाच्या बाबतीत आधीच, इतिहासाच्या मध्येच, होऊन गेले. पौल त्याला प्रथमफळ म्हणतो. पहिले फळ देवाला वाहतात ते उरलेले पीक येणार या भरवशाने. म्हणून येशूचे उठणे ही त्याच्या एकट्याची गोष्ट राहत नाही, आणि म्हणूनच पाळक कब्रस्तानात उभे राहून रिकाम्या कबरीचा भाग वाचतात. तो पुनर्जन्म नव्हे, कारण दुसऱ्या देहात दुसरे आयुष्य मिळण्याची ती आशा नाही. काका काका म्हणूनच उठतील, आणि काकू त्यांना ओळखतील.

वसईहून माळव्यात

मी कॅथलिक, वसईची, लग्नानंतर इंदुरात आले. स्नेहलतागंजकर यांच्या विवेचनाशी मी सहमत आहे. थोडे उपासनेच्या बाजूने लिहिते, कारण आमच्याकडे हा विश्वास आधी डोळ्यांनी आणि हातांनी शिकवला जातो.

ईस्टरच्या आदल्या रात्री पास्काजागराची (पास्का म्हणजे ईस्टर) मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, असते. चर्चमधले सगळे दिवे मालवलेले असतात. बाहेर नवा अग्नी पेटवतात आणि त्याच्याजवळ पास्काची मोठी मेणबत्ती आणली जाते. धर्मगुरू टोकदार सळईने मेणात क्रूस कोरतात, वर ग्रीक वर्णमालेतले पहिले अक्षर, खाली शेवटचे, आणि क्रूसाच्या चार कोनांत चालू सालाचे चार आकडे. या वर्षी अर्थातच 2026. मग धुपाचे पाच खडे त्या क्रूसात खोचले जातात: एक वर, एक मध्यभागी, एक खाली आणि दोन दोन्ही बाजूंना. ते येशूच्या पाच जखमांचे स्मरण असते. त्यानंतर ती मेणबत्ती अंधारातून आत नेली जाते आणि तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती लागत जाते.

यातल्या दोन गोष्टी ताईंच्या प्रश्नाला धरून आहेत. एक, ते साल. पुनरुत्थान ही पुराणकाळातली गोष्ट म्हणून बाजूला ठेवता येऊ नये म्हणून दर वर्षी त्या वर्षाचा आकडा मेणात कोरला जातो. ज्या वर्षी काका गेले त्याच वर्षावर ख्रिस्ताची खूण आहे. दुसरी, त्या जखमा. उठलेल्या येशूच्या शरीरावरचे व्रण नाहीसे झाले नाहीत, हे मला लहानपणापासून फार अर्थपूर्ण वाटत आले आहे. देवाला ते पुसता आले असते. पण थोमाला ओळख पटते ती त्या व्रणांवरून, आणि तोच शिष्य, ज्याला आपण नेहमी संशयी म्हणतो, येशूला "माझा प्रभू आणि माझा देव" म्हणतो. म्हणजे ख्रिस्ती आशेत झालेले दुःख झालेच नाही असे कोणी म्हणत नाही. सोसलेले सारे त्या नव्या जीवनातही माणसाबरोबर येते, फक्त ते आता त्याला ठार मारू शकत नाही. ज्यांनी आजारी माणसाची महिनोन्महिने सेवा केली आहे, त्यांना यातला आधार वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

जागराच्या त्याच रात्री बाप्तिस्मा देण्याची प्रथा पहिल्या शतकांपासून चालत आली आहे, आणि बाकीचे आम्ही आपापल्या बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतो. पौल म्हणतो की बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालू लागणे. त्यामुळे पुनरुत्थान हे केवळ मेल्यानंतरचे आश्वासन राहत नाही. सूड सोडणे, दारू सोडणे, तुटलेल्या भावाशी बोलू लागणे, हेही आमच्याकडे त्याच सणाशी जोडून सांगितले जाते, आणि प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस त्याचीच तयारी असते.

नाताळाविषयी: ईस्टर कितीतरी जुना सण आहे. दुसऱ्या शतकात तो केव्हा पाळावा यावरून मंडळ्यांमध्ये वाद होत होते, म्हणजे पाळला तर तो जातच होता. 25 डिसेंबरला ख्रिस्तजन्म साजरा होत असल्याची रोममधली नोंद मात्र चौथ्या शतकातली, 336 सालची आहे. आणि ज्यूंचा विसावा शनिवारी असताना ख्रिस्ती लोक रविवारी उपासनेला जमू लागले ते पुनरुत्थान रविवारी झाले म्हणूनच. त्या अर्थाने प्रत्येक रविवार ईस्टरच आहे. बेकरीत मिळणारी साखरेची अंडी ही फार नंतरची गोष्ट. उपवासाच्या दिवसांत पूर्वी अंडी वर्ज्य असत आणि ईस्टरला ती पुन्हा खाल्ली जात, तिथून ती सणात आली.

महूकर

मी ख्रिस्ती नाही आणि पुनरुत्थान घडले असे मानतही नाही, पण प्राचीन इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या विषयाकडे मी वर्षानुवर्षे आस्थेने पाहत आलो आहे. वर दोन विश्वासी व्यक्तींनी लिहिलेच आहे; प्रश्नकर्त्या ताईंच्या तिसऱ्या शंकेविषयी, म्हणजे हे सारे स्मरणाचे रूपक होते का याविषयी, थोडे लिहितो.

येशूला पिलाताच्या कारकिर्दीत, म्हणजे इसवी सन 26 ते 36 या दरम्यान, वधस्तंभावर मारले गेले हे इतिहासकार जवळजवळ एकमताने मानतात. रोमी इतिहासकार टॅसिटसनेही त्या देहदंडाचा उल्लेख केला आहे. पुनरुत्थानाचे सर्वांत जुने लिखित वृत्त शुभवर्तमानांत नाही, पौलाच्या ज्या पत्राचा उल्लेख वर आला त्यात आहे. ते पत्र इसवी सन 55 च्या आसपासचे. त्यात तो म्हणतो की मला जे मिळाले तेच मी तुम्हाला सोपवले, आणि मग येशू कोणाकोणाला दिसला याची यादी देतो: केफा म्हणजे पेत्र, मग बारा जण, मग पाचशेहून अधिक बांधव, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, मग याकोब, मग सर्व प्रेषित, आणि शेवटी तो स्वतः. म्हणजे पत्राच्याही आधीपासून ठरीव शब्दांत सांगितली जाणारी ही साक्ष आहे. शतकभराने कोणी कल्पनेतून रचलेली कथा म्हणून ती निकालात काढता येत नाही.

शुभवर्तमानांच्या तपशिलांत मात्र फरक आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कबरीपाशी मत्तयात एक देवदूत आहे, मार्कात एक तरुण, लूकात दोन पुरुष, योहानात दोन देवदूत. गेलेल्या स्त्रियांची नावे बदलतात. मग्दालीया मरीया तेवढी चारही ठिकाणी आहे. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ग्रंथ संपतो तो स्त्रिया भीतीने पळून गेल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, इथेच. त्याच वेळी, त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला फारसे वजन नव्हते, आणि दुसऱ्या शतकातला टीकाकार सेल्सस याने यावरूनच ख्रिस्ती लोकांची टर उडवली होती. गोष्ट पटवण्यासाठी रचायची असती तर पहिल्या साक्षीदार म्हणून स्त्रिया निवडल्या गेल्या नसत्या, हा युक्तिवाद मला वजनदार वाटतो.

विसाव्या शतकात रुडॉल्फ बुल्टमान या जर्मन धर्मपंडिताने असे मांडले की पुनरुत्थान म्हणजे शिष्यांच्या मनात वधस्तंभाविषयी विश्वास जागा होणे. ताईंनी विचारलेला रूपकाचा अर्थ साधारण तिकडे जातो. पण पहिल्या शिष्यांना स्वतःला तेवढेच म्हणायचे होते असे त्यांच्या लिखाणावरून दिसत नाही. ते काही घडल्याचे सांगत होते, आणि त्यांतल्या काहींनी त्यासाठी जीवही दिला. त्यांना नेमके काय अनुभवास आले हे इतिहासाच्या साधनांनी ठरवता येत नाही. काहीतरी अनुभवास आले आणि त्याने पळून गेलेली माणसे परत यरुशलेमात उभी राहिली, इथवर मी जातो.

स्नेहलतागंजकर

महूकर, आपण इतक्या प्रामाणिकपणे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तपशिलांतले फरक आमच्या मंडळीतल्या प्रौढ वर्गातही वाचले जातात आणि त्यांवर बोलले जाते. चारही ग्रंथांतला एकही कबरीतून बाहेर पडणाऱ्या येशूचे वर्णन करत नाही, हेही आपण पाहिले असेल. त्या क्षणाचा कोणी साक्षीदार नाही. साक्ष आहे ती रिकाम्या कबरीची आणि नंतरच्या भेटींची. त्यामुळे पुराव्याची वाट जिथे संपते तिथे विश्वास ठेवायचा की नाही हा निर्णय प्रत्येकाला स्वतः घ्यावा लागतो, पहिल्या शतकातल्या माणसालाही घ्यावा लागला होता. मत्तयाने तर लिहूनच ठेवले आहे की गालीलातल्या डोंगरावर प्रत्यक्ष येशू समोर असतानाही काही शिष्यांना संशय वाटला. हे वाक्य गाळावेसे त्याला वाटले नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर आहे.

रामबागकर, इंदूर

तिघांचेही आभार. शरीराविषयीचे उत्तर वाचल्यावर काकू कबरीच्या कडेचा चुना बोटाने पुन्हा पुन्हा का सारखा करत होत्या ते कळले. त्या वेळी मला ते केवळ मन रमवणे वाटले होते. आता दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात या बाबतीत फरक आहे का? आणि त्या दिवशी मी काकूंना काहीच बोलू शकले नाही, तर आता सण होऊन गेल्यावर ईस्टरच्या शुभेच्छा द्याव्यात का, आणि दुःखाच्या घरी त्या शोभतील का?

वसईहून माळव्यात

शेवटी मृत उठतील यावर दोघांत फरक नाही. एकच जुना विश्वासांगीकार दोन्हीकडे म्हटला जातो आणि त्यात शरीराच्या पुनरुत्थानाचे शब्द आहेत. फरक मधल्या काळाविषयी आहे. आम्ही कॅथलिक मृतांसाठी प्रार्थना करतो, त्यांच्या नावाने मिस्सा सांगतो. प्रोटेस्टंट घरांत सहसा तसे करत नाहीत. ते गेलेल्या माणसाबद्दल देवाचे उपकार मानतात आणि मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतात. म्हणून काकूंकडे "काकांच्या आत्म्याला शांती मिळो" म्हणण्याऐवजी "तुम्हाला देव बळ देवो" म्हटलेले त्यांच्या रीतीला जास्त धरून होईल. "रडू नका" मात्र म्हणू नका. कारण वर आलेच आहे.

शुभेच्छांना उशीर झालेला नाही. ईस्टर हा एका दिवसाचा सण नाही. तो पन्नास दिवसांचा काळ आहे, जो पेंटेकॉस्टला, म्हणजे यंदा 24 मे रोजी, संपतो. पूर्वेकडच्या कित्येक मंडळ्यांचे ईस्टर तर यंदा 12 एप्रिलला होते. दुःखाच्या घरीही तो पाळला जातो, किंबहुना तिथे त्याची गरज अधिक असते, म्हणून संकोच करू नका. पुष्कळ ख्रिस्ती घरांत या दिवसांत एकाने "प्रभू उठला आहे" म्हणायचे आणि दुसऱ्याने "खरोखर उठला आहे" म्हणून उत्तर द्यायचे, अशी रीत आहे. तुम्ही ख्रिस्ती नसताना ते म्हणावे असा माझा आग्रह नाही. "काकू, ईस्टरच्या शुभेच्छा, त्या पहाटे तुमच्याबरोबर येता आले हे मला फार मोलाचे वाटले" एवढे पुरे आहे, आणि त्यांना बोलावेसे वाटले तर काकांविषयी त्यांना बोलू द्या.